मयालीतली नाव

कबाड्याच्या दुकानात शिरून ‘नावेचं काही सामान आहे का’ असं विचारलं, की तो आधी आपल्या चपलांकडे पाहतो आणि मग भाव दुप्पट सांगतो. सामान त्याच्याकडे नसतंच. चंद्रपूर असो, गोंदिया असो की यवतमाळ, इकडच्या भंगारात शिडाच्या नावेचा एकही भाग नावेच्या नावानं पडलेला नसतो. तरी चौदा फुटी जुनी लाकडी नाव पुन्हा पाण्यावर न्यायला जे लागतं, त्यातलं निम्म्याहून जास्त याच मुलखात मिळतं. ते पंपाच्या, नांगराच्या, कवेलूच्या (कौलारू) घराच्या, जिनिंगच्या नावानं पडलेलं असतं, एवढंच. म्हणून शोधायला निघताना नावेचं चित्र घरीच ठेवावं. लाकूड कोणतं, धातू कोणता आणि त्यावर ओढ कुठून येणार, हे तीन प्रश्न सोबत असले की पुरे.

शिडाची नाव मुळात इकडची नव्हे. वैनगंगेवरचा डोंगा बांबूनं रेटायचा किंवा वल्ह्यानं हाकायचा. पण नवेगावबांध, घोडाझरी, इटियाडोह, बोर अशा पाण्यांवर, आणि आता गोसीखुर्दच्या फुगवट्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी वारा चांगला वाहतो. त्यामुळे कुठल्या तरी क्लबातून किंवा लिलावातून सुटलेली एखादी जुनी नाव इकडे येऊन पडते, आणि बहुधा गोठ्यात कडब्याखाली सापडते.

ती प्लायची आहे की फळ्यांची, हे आधी पाहायचं. प्लायच्या नावांत जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ‘एंटरप्राइज’ आपल्याकडे बरीच चालली. १३ फूट ३ इंच लांबीची, एनसीसीच्या नौदल शाखेतल्या मुलांच्या ओळखीची. प्लायची नाव असेल तर भंगाराचा विचार लवकर सोडावा. बोटानं ठोकल्यावर प्लाय ‘भद’ वाजलं, की आतले थर सुटलेत असं समजायचं. जुन्या प्लायला दुसरं जुनं प्लाय जोडणं म्हणजे फाटक्या धोतराला फाटकं ठिगळ. आयएस ७१० शिक्क्याचं ६ मिलिमीटरचं नवं मरीन प्लाय आणायचं आणि जाडीच्या आठपट लांबीचा तिरपा सांधा घेऊन बसवायचं. तिथे विषय संपतो.

खरी गंमत फळ्यांच्या नावेत आहे.

चौदा फुटी नावेचं बाहेरचं अंग ७० चौरस फुटांच्या आसपास भरतं. अर्ध्या इंचाच्या फळ्या धरल्या तर निव्वळ लाकूड तीन घनफूट, आणि कापण्यातली नासाडी धरून साडेचार. सगळ्या फळ्या बदलायची वेळ सहसा येत नाही. पठाणालगतच्या, म्हणजे तळातल्या कण्यालगतच्या दोन, नाळेजवळची, म्हणजे पुढच्या टोकाजवळची एखादी, आणि मागच्या आडव्या फळीचा खालचा भाग, एवढंच कुजलेलं असतं. त्यासाठी दीड घनफूट उत्तम साग पुरतो. तो कवेलूच्या पडक्या घरात मिळतो.

घरकुलाचा हप्ता आला की गावातलं जुनं घर उतरतं. कवेलू एका बाजूला रचले जातात, आणि आढं, मयाली, खांब अंगणात येऊन पडतात. मयाल म्हणजे छताची तुळई, बहुतेक वेळा सहा बाय सहा इंचांचा, दहा फुटांचा सागाचा गाभा, अडीच घनफूट. धुरानं काळी पडलेली असते, म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि भाव पडतो. त्या काजळीला भिऊ नये. चुलीच्या धुरात पन्नास वर्षं राहिलेल्या लाकडाला किडा सहज लागत नाही. नव्या लागवडीतल्या कोवळ्या सागात पांढऱ्या लाकडाचा वाटा मोठा असतो आणि त्याला कीड आधी लागते. जुन्या मयालीत तो वाटा घडतानाच तासून काढलेला असतो. जुना साग किती टिकतो याचा पुरावाच हवा असेल, तर १८१७ साली मुंबईत मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे.

मयाल तपासायची ती टोकांकडून. भिंतीत पुरलेली दोन्ही टोकं फूटभर सरळ सोडूनच द्यायची. उधई (वाळवी) तिथूनच शिरते. मग हातोडीनं टोकापासून टोकापर्यंत दर वितीला ठोकत जायचं. आवाज टणक आणि एकसारखा हवा. मध्येच बसका आला तर तिथे खडूची खूण करून चांभाराच्या आरीचं टोक दाबायचं. चांगल्या सागात ते दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. पुढची पायरी लोहचुंबकाची. स्पीकरमधलं जुनं मोठं चुंबक दोरीला बांधून मयालीच्या चारी अंगांवरून फिरवायचं. जिथे चिकटतं तिथे खिळा. मोडलेल्या खिळ्याचं डोकं वर दिसत नाही, पण आरामशीनवाल्याचं पातं ते बरोबर शोधून काढतं, आणि त्या पात्याचे पैसे आपल्याला भरावे लागतात. खिळ्याभोवतीचं लाकूड गंजानं काळं आणि भुसभुशीत झालेलं असतं. चारी बाजूंनी दोन इंच सोडून द्यायचं. इतकं सगळं वजा केल्यावर अडीच घनफुटातून सव्वा घनफूट हाती लागलं तरी सौदा चांगला झाला म्हणायचा.

आरामशीनवर फळ्या पाडताना एक गोष्ट अडून सांगावी लागते: शीर फळीला उभी हवी. फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वर्षांच्या रेघा रुंदीला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. मशीनवाला पटकन होतं म्हणून सपाट कापतो. त्यानं काय होतं, ते इथल्या हवेत फार लवकर कळतं.

आमच्याकडच्या हवेचा हा भाग नीट समजून घेतल्याशिवाय कुणी नावेला हात लावू नये. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर असतो आणि हवा कोरडीठाक. छपराखालच्या लाकडातला ओलावा तेव्हा ६-७ टक्क्यांवर येतो. तेच लाकूड श्रावणात १५ च्या वर जातं. सपाट कापलेला साग ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला रुंदीत सुमारे ०.२ टक्के फुगतो. म्हणजे १०० मिलिमीटर रुंद फळी आठ टक्के ओलावा प्याली, की १.६ मिलिमीटर वाढते. ऐकायला काहीच नाही. पण एका अंगाला अशा दहा फळ्या एकीला एक घट्ट लावलेल्या असतील तर ती वाढ १६ मिलिमीटर होते, आणि एवढं लाकूड जाणार कुठे? ते वाक, म्हणजे नावेच्या आतल्या बरगड्या, मोडतं, रिव्हेट उपटतं, नाहीतर फळीच पन्हाळीसारखी वाकते. उभ्या शिरेच्या फळीची वाढ याच्या निम्म्याहून कमी असते.

सगळ्यात जास्त नावा इथेच मरतात, तेही दुरुस्त करणाऱ्याच्या हातून. उन्हाळ्यात गोठ्यातली नाव बाहेर काढली की तिच्या फटींतून पलीकडचा बैल दिसतो. पाहणारा घाबरतो आणि त्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटी एम-सील किंवा इपॉक्सीनं गच्च भरून टाकतो. दिसायला नाव एकसंध होते. पहिल्या पावसात फळ्या फुगायला लागतात, फटीत जागा नसते, आणि आतले वाक ‘कट् कट्’ करत तुटतात. त्या फटी दोष नव्हेत, लाकडाची श्वास घ्यायची जागा आहे. उन्हाळ्यात लाकूड गोळा करावं, कापावं, मध्ये काड्या घालून सावलीत रचून ठेवावं, आणि पावसाळाभर त्याच्याकडे पाहूही नये. फळ्या बसवायच्या त्या कोजागिरीनंतर, संक्रांतीच्या आत. तेव्हा लाकडाचा ओलावा ११-१२ टक्क्यांवर स्थिरावलेला असतो आणि पुढे दोन्हीकडे हलायला जागा राहते.

इपॉक्सी वापरायचंच तर फक्त सांध्यांना. दहा फुटांच्या मयालीतून पंधरा फुटांची फळी निघत नाही, तेव्हा अर्ध्या इंचाच्या फळीला चार इंच लांबीचा तिरपा सांधा घ्यावा लागतो. साग तेलकट, जोडायच्या दोन्ही तोंडांना घासून, थिनरनं पुसून, तासाभरात चिकटवलं नाही तर तेल पुन्हा वर येतं आणि जोड चार महिन्यांनी उघडतो. चाळीस अंशांच्या दुपारी पावशेर इपॉक्सी एका डब्यात कालवलं तर दहा मिनिटांत धूर निघतो आणि डबा वितळतो. संध्याकाळी, हवा उतरायला लागल्यावर, दर वेळी वाटीभरच कालवायचं.

आता कोपऱ्यांचे आधार. नावेच्या मागच्या फळीला आणि बाजूच्या कडांना जोडणारे कोन नैसर्गिक वाकाच्या लाकडाचेच हवेत; सरळ फळीतून कापलेल्या कोनात शीर आडवी तुटते आणि पहिल्याच धक्क्याला तो फाटतो. किनाऱ्यावर असे वाकडे तुकडे शोधत हिंडावं लागतं. विदर्भात ते प्रत्येक जुन्या गोठ्याच्या माळ्यावर पडलेत, कारण ट्रॅक्टर आल्यावर लाकडी नांगर वर गेला तो खाली आलाच नाही. नांगराचं खोड म्हणजे बाभळीचा निसर्गतः वाकलेला तुकडा. वाढयानं (सुतारानं) धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या झाडात तो वाक हेरून, शिरेसकट कापलेला असतो. तो चाळीस वर्षं वाळलाय, फाटायचा तेवढा फाटून झालाय. हळस बसायचं भोक आणि फाळाकडचं झिजलेलं टोक सोडलं, तर एका खोडातून दोन इंच जाडीचे दोन कोन सहज निघतात. नावेला असे चार ते सहा लागतात. बंडीच्या चाकाच्या घेराचे वक्र तुकडेही कुणी सुचवतं, पण ते सरळ लाकडातून कापलेले असतात आणि टोकांना शीर तोकडी पडते. ते नकोत. खोड मिळालं नाही तर थंडीत धुऱ्यावरच्या बाभळीचं बेचकं कापून दोन-तीन महिने तलावाच्या गाळात पुरून ठेवायचं; चीक निघून जातो आणि किडा धरत नाही.

फळ्या वाकांना धरून ठेवतात ते तांब्याचे रिव्हेट. वाक दर नऊ इंचांवर म्हणजे सतरा, फळ्या दोन्ही अंगांच्या मिळून वीस, प्रत्येक भेटीला दोन रिव्हेट: सगळी नाव नव्यानं ठोकायची तर ६८० नग. आपल्याला एवढे लागणार नाहीत, पण हिशेब माहीत असावा. बाजारात तयार मिळत नाहीत, तेव्हा जाड तांब्याच्या तारेतून पाडायचे. मोटार रिवायंडिंगवाल्याकडची इनॅमलची तार बहुतेक बारीक असते. जुन्या अर्थिंगची १० नंबरची तार, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीची, अगदी बेताची. १२ मिलिमीटरची फळी आणि २० चा वाक धरून ४५ मिलिमीटरचा तुकडा पुरतो. तार लाल तापवून पाण्यात बुडवली की मऊ होते, नाहीतर ठोकताना वाकते. जाड तांब्याच्या पत्र्यातून छोट्या चकत्या पाडून आतून बसवायच्या आणि त्यावर टोक गोल ठोकायचं. पूर्ण नावेला तार अडीच-तीन किलो लागते. जुना लोखंडी खिळा शेजारी ठेवून नवा तांब्याचा मारला तर आधी लोखंड झिजतं आणि जाता जाता भोवतीचं लाकूडही खातं. गोड्या पाण्यात हे सावकाश होतं, पण होतं.

फटी भरायला किनाऱ्यावर कापसाच्या वाती वापरतात. कापसाच्या मुलखात त्यासाठी बाहेर कुठे पाहायला नको, पण रुई थेट ठासली तर गोळे होतात आणि फटीत एकसारखी बसत नाही. चरख्यासाठी वळलेले पेळू मात्र अगदी याच कामाचे. लांब तंतूंचे, सैल, एका जाडीचे. वर्ध्याकडे खादीच्या कामात ते अजून मिळतात. पेळू हलक्या हातानं पिळून, बोथट लोखंडी पाचरीनं फटीत बसवायचा. घट्ट नव्हे, फळी फुगली की ती आपोआप घट्ट करते. वर खडूची भुकटी आणि जवसाचं तेल यांची लुकण. तेल उकळलेलं घ्यायचं, कच्च्या तेलाची लुकण महिनाभर वाळत नाही. जुने लोक तिच्यात शेंदूर घालायचे. देवाला लावतात तोच शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. पाण्यात कुजू देत नाही हे खरं, पण घासताना उडणारी भुकटी विषारी असते. लहान मुलं असलेल्या अंगणात तो मोह टाळलेला बरा.

सुकाणूच्या बिजागऱ्यांसाठी भंडाऱ्याची वाट धरावी. पितळेच्या भांड्यांचं ते जुनं गाव, ओतकामाचा हात अजून तिथे आहे. धातू मात्र आपण न्यायचा, आणि तो पितळ नसावा. विहिरीवरच्या जुन्या इंजिन-पंपाचे फूट-व्हॉल्व्ह, गेट-व्हॉल्व्ह, आतले बुश हे गनमेटलचे असतात: शंभरात ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त. जहाजांच्या बुडाशी पाण्याच्या व्हॉल्व्हांना वापरतात ती हीच जात. म्हणजे वावरातल्या विहिरीत पडून असलेला फूट-व्हॉल्व्ह आणि समुद्रावरचा व्हॉल्व्ह सख्खे भाऊ. ओळखायचं कसं? कानशीनं एक ओरखडा काढायचा. पितळ लिंबासारखं पिवळं दिसतं, गनमेटल लालसर. चकचकीत नळ आणि कॉक गनमेटलच्या भावात खपवतात, पण क्रोमच्या खाली नुसतं पितळ असतं. पितळ पाण्यात राहून जस्त सोडतं आणि मग गुलाबी, सच्छिद्र, बिस्किटासारखं ठिसूळ होतं.

बिजागऱ्यांचा चार नगांचा जोड दीड किलोचा होतो, पण साच्याच्या वाटांमध्ये धातू अडकतो म्हणून अडीच किलो न्यायचा. लाकडी नमुना शिवणीचा करावा. ते लाकूड हलकं आणि वेडंवाकडं न होणारं. धातू थंड होताना शंभराला दीड मिलिमीटर आकसतो, तेवढा नमुना मोठा ठेवायचा, आणि कडांना किंचित उतार द्यायचा, नाहीतर नमुना वाळूतून निघताना साचा फोडतो. भट्टीपाशी उभं राहून एवढंच पाहावं: मुशीतून दाट पांढरा धूर उठला तर कुणीतरी भांड्याचं पितळ टाकलंय. तो जस्ताचा धूर. अंगात भरला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. तो घाणा ओतू नये. ओतून आल्यावर भोक ११ मिलिमीटर, त्यात १० मिलिमीटरची स्टेनलेसची दांडी. खालची दांडी वरच्यापेक्षा इंचभर लांब ठेवायची. म्हणजे हलत्या नावेत सुकाणू लावताना आधी खालची बसते, मग वरची सापडते. दोन्ही सारख्या लांबीच्या केल्या तर पाण्यात ओणवं होऊन दोन भोकांशी एकदम झटापट करावी लागते.

स्टेनलेसच्या बाबतीत कबाडी हसून म्हणेल, “भाऊ, पक्कं थ्री-झिरो-फोर हाये, चुंबक लावून पाय.” चुंबक न चिकटणं हा काही पुरावा नव्हे, २०२ नावाच्या हलक्या जातीलाही चुंबक चिकटत नाही आणि ती पावसाळ्यात गंजते. मोठ्या भंगारवाल्याकडे एक तपासणीचं पाणी आणि नऊ व्होल्टची बॅटरी असते. थेंब टाकून बॅटरी लावली की २०२ वर तो लालसर गडद होतो. ते त्याच्याकडूनच करून घ्यावं. दूध संकलन केंद्रातल्या जुन्या कूलरचे पाइप आणि पट्ट्या खात्रीनं ३०४ असतात. समुद्रात ३१६ लागतं. मामा (माजी मालगुजारी) तलावात ३०४ जन्मभर पुरतं.

दोरीच्या कप्प्या म्हणून विहिरीची गडगडी लावायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. ती ओतीव लोखंडाची, खाच खरबरीत. आठ दिवसांत दोरी कुरतडते. त्यापेक्षा बंद पडलेल्या जिनिंगमधले किंवा जुन्या राइस मिलमधले विजेचे बोर्ड पाहावेत. त्यांतली तपकिरी, जड, गुळगुळीत शीट म्हणजे हायलम. कापडाचे थर राळेत दाबून केलेली असली, तर ती जुन्या शर्यतीच्या नावांच्या कप्प्यांत वापरत त्याच कुळातली. कापलेल्या कडेला कापडाची वीण दिसते. वीण न दिसता कड नुसती कपची उडाल्यासारखी असेल तर ती कागदाची, पाण्यात फुगते. शंका असेल तर तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून जाडी मोजायची. आठ मिलिमीटरच्या दोरीला ४० मिलिमीटरचं चाक आणि ८ मिलिमीटरची दांडी बसते. चाक आणि गाल यांच्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये, नाहीतर दोरी तिथे शिरते आणि नेमकी वाऱ्याच्या झोतात अडकते. बोर्ड राखाडी, सिमेंटसारखा असेल तर त्याला करवत लावूच नये. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं.

डोलकाठीला तारा, टर्नबकल (तारा ताणायचे पेच), खुंट्या असा सगळा संसार लागतो, तो इकडे उभा करण्यात अर्थ नाही. बिनतारांची, तिरप्या परबाणीची (शीड टांगायच्या काठीची) चौकोनी शिडाची मांडणी घ्यावी. सरळ सागाची बल्ली, चौदा फुटांची, बाकातून जाते तिथे ७५ मिलिमीटर आणि शेंड्याला ५० मिलिमीटर व्यासाची, साडेआठ किलोंत बसते आणि उतरवून नावेतच ठेवता येते. वन विभागाच्या बल्लारशा किंवा परतवाड्याच्या आगारातून अशा बल्ल्या लिलावात निघतात. परबाण मानवेल बांबूची. तो जवळपास भरीव असतो. बांबूला भोक पाडायचं नाही, चिरत जातो. दर फुटावर सुताचा करकचून वेढा, आणि दोरी बांधायची ती खाचेत.

शीड मात्र इथे मिळत नाही. ताडपत्री त्याच्या कामाची नाही, ती तिरप्या ओढीला ताणते आणि शिडाचं पोतं होतं. जुनं डेक्रॉनचं (पॉलिस्टर कापडाचं) शीड मिळवायचं तर मुंबईपेक्षा हैदराबादचा हुसेनसागर आणि भोपाळचा मोठा तलाव जवळ. शर्यतीतून बाद झालेली शिडं अशा ठिकाणी निघतात. कापडाआधी शिवण पाहावी. नखानं धागा उचलला आणि तो तुटला, तर कापड चांगलं असूनही सगळी शिवण नव्यानं घालावी लागेल. ताडपत्री शिवणाऱ्याच्या मशीनवर दोन समांतर टीपा चालतात. किमतीत तेवढं धरून बोलावं.

मुंबईचा दारूखाना (जहाजांच्या भंगाराचा बाजार) किंवा भावनगरजवळचं अलंग इथूनच सगळं आणू असं ठरवून निघालेली माणसं बहुधा चुकीचं सामान घेऊन परततात. अलंगला १९८३ पासून जहाजं फुटतायत, पण ती जहाजं आहेत. त्यांची एकेक कडी दोघांनी उचलायची. आपल्या कामाचं तिथे निघतं ते जीवरक्षक होड्यांचं: वल्ही, वल्ह्यांचे आकडे, लहान कड्या, पॉलिस्टरची दोरी. आणि या यादीतलं वल्हं सोडलं तर बाकी सगळं कुरिअरनं येतं.

काही वस्तू जुन्या घ्यायच्याच नाहीत. ताण सोसून झालेली तार, कारण ती आतून तुटते आणि वरून चकाकते. उन्हात राहिलेली शेतातली नायलॉनची दोरी. आणि लाइफ जॅकेट. वर्धा नदीत झुंजजवळ २०२१ च्या सप्टेंबरात नाव उलटून अकरा जण गेले. आपल्याकडे पाणी शांत दिसतं म्हणून जॅकेट खुंटीवर राहतं. नावेच्या स्वतःच्या तरंगण्याची सोयही हवी. झाकण सील केलेले वीस लिटरचे दहा कॅन म्हणजे २०० किलोंची उचल. कीटकनाशकाचे कॅन नकोत. ते बाकांखाली, कडांना लागून, शक्य तितके वर बांधायचे. तळाशी बांधले तर पाणी भरलेली नाव कुशीवर होते. प्रत्येक कॅन वीस किलोंनी वर ओढतो, म्हणून सुतळी चालत नाही. भंगारातल्या गाड्यांचे सीट बेल्ट कापून आणावेत. मग छातीभर पाण्यात नाव मुद्दाम भरून, दोघांनी आत बसून पाहायचं.

कागदांचं थोडं. साग जुन्या घराचा असला तरी रस्त्यावर काढण्याआधी ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं. विनापरवाना सागाची गाडी अडली की मयालीपेक्षा पेट्रोल महाग पडतं. शकुंतला रेल्वेच्या जुन्या लाइनच्या बाजूला पडलेलं पितळ कितीही खुणावलं तरी हात लावू नये. चोरीचं असल्याचा संशय असलेलं रेल्वेचं सामान नुसतं ताब्यात असणं हाच १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. विजेच्या तारांचंही तसंच.

नाव पाण्यात टाकल्यावर ती भरणार. भरू द्यावी. उथळ काठाला बांधून, पाण्याखाली काठोकाठ बसू द्यायची आणि चार दिवस निघून जायचं. पाचव्या दिवशी उपसली की फळ्या बहुतेक मिटलेल्या असतात. आठव्या दिवशीही एखाद्या जागी धार दिसत असेल तर ती फट चुकलीय. तिथला पेळू काढून पुन्हा भरावा लागेल.

समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, तो गोड्या पाण्यात नसतो, म्हणून बुडाला महागडा रंग लावायचं कारण नाही. आपला वैरी म्हणजे साचलेलं पावसाचं पाणी. खारं पाणी लाकूड कुजू देत नाही, गोडं कुजवतं. चैत्रात नाव बाहेर काढली की मोहाच्या किंवा आंब्याच्या सावलीत ठेवून वरून ओला बारदाना टाकायचा, आणि फळ्या उघडू नयेत म्हणून तळाला दोन इंच पाणी ठेवायचं. नावेत लोखंड कुठेच नसेल तर दोन बादल्यांना किलोभर खडेमीठ टाकावं. दर आठ दिवसांनी ते पाणी उपसून नवं भरायचं, नाहीतर त्यात डास होतात आणि शेजारी नावेपेक्षा आपल्यालाच आधी गावाबाहेर काढतात.